पांढऱ्या झग्यातला कापूस

युरोपच्या नृत्यरंगभूमीवरून कापसाने रेशमाला हटवलं, ही घटना आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाला जवळची वाटायला हवी. देवळी, पुलगाव, हिंगणघाट हा पट्टा पऱ्हाटीचा. बोंडं फुटली की वेचणी, मग जिनात रुई आणि सरकी वेगळी, मग गाठी, हा क्रम इथल्या पोरासोरांनाही पाठ असतो. कापसाचं धोतर, गादी, वात, खादीचा ठाण हे सगळं आपण वापरलं आणि पाहिलं. पण याच झाडाच्या तंतूने एकेकाळी पॅरिसमधल्या हजारो प्रेक्षकांना असा भास घडवला की समोर नाचणाऱ्या बाईला वजनच नाही. 1830 ते 1870 या चाळीस वर्षांतल्या बॅले-पोशाखाची गोष्ट म्हणजे मुख्यतः या भासाची गोष्ट आहे. तो भास कशाकशाने तयार झाला आणि त्यापायी कोणाचं काय गेलं, हे कापूस पिकवणाऱ्या मुलखाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

त्याआधीचा बॅले दरबारी होता. राजवाड्यात जन्मलेला नाच राजवाड्याचेच कपडे घालायचा. जड किनखाब, कमरेच्या दोन्ही बाजूंना लांबवर पसरलेले सांगाडे आणि त्यांवर चढवलेले घागरे, टाचांचे बूट, डोक्यावर पिसांचे तुरे, तोंडावर मुखवटे. एवढ्या ओझ्याखाली पाय कसे पडतात हे दिसायची सोय नव्हती. अठराव्या शतकात मारी कामार्गोने घागरा थोडा आखूड केला, कारण तिची पावलं पाहण्यासारखी होती आणि ती दिसावीत अशी तिची इच्छा होती. मारी साले हिने 1734 साली लंडनला सांगाडा काढून टाकला आणि साध्या मलमलीच्या वस्त्रात ती रंगमंचावर आली. 1760 मध्ये नोव्हेर या नृत्यगुरूने आपल्या पत्ररूप ग्रंथात मुखवटे आणि सांगाड्यांविरुद्ध कडक शब्दांत लिहिलं. तरी जुनी सवय सुटायला फ्रेंच राज्यक्रांती यावी लागली.

मलमल मुळात आपल्याकडची. ढाक्याची मलमल युरोपच्या श्रीमंत घरांत पोचली होतीच. 1783 साली चित्रकार एलिझाबेथ व्हिजे ल ब्रं हिने राणी मारी आंत्वानेतला साध्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यात रंगवलं, तेव्हा पॅरिसमध्ये केवढा गहजब झाला. राणी अंतर्वस्त्रात दिसते असं लोक म्हणू लागले आणि ते चित्र प्रदर्शनातून उतरवावं लागलं. क्रांतीनंतर मात्र तीच पांढरी मलमल फॅशन झाली. दरम्यान इंग्लंडात सॅम्युअल क्रॉम्प्टनने 1779 मध्ये सूतकताईचं ‘म्यूल’ यंत्र तयार केलं होतं. त्यावर इतकं बारीक सूत निघू लागलं की लँकेशायर आणि स्कॉटलंडच्या गिरण्या स्वतःची मलमल विणू लागल्या आणि ढाक्याच्या विणकरांच्या पोटावर पाय आला.

इथे सुताचा नंबर समजून घेतला पाहिजे. एक पौंड सुतात 840 यार्डांच्या जितक्या लडी भरतात, तितका त्या सुताचा नंबर. नंबर वाढला की सूत बारीक. खादीचं जाडंभरडं कापड दहा-वीस नंबरच्या सुताचं असतं. तलम मलमलीला शंभराच्या आसपासचं किंवा त्याच्याही पुढचं सूत लागतं. गिरणीच्या यंत्रावर असं सूत आखूड धाग्याच्या कापसातून निघत नाही, तुटतं. गिरण्यांमध्ये सर्वांत बारीक सुतासाठी अमेरिकेच्या जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना किनाऱ्यावरच्या बेटांचा ‘सी आयलंड’ कापूस पसंत केला जाई. तो आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांची लेकरंबाळं वेचत. बॅलेच्या पुस्तकांतून ही बेटं सहसा येत नाहीत. ती यायला हवीत.

आता पॅरिस. सॅल ल पलतिए हे ऑपेराचं नाट्यगृह 1821 मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे गॅसचे दिवे आले. मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांचा उजेड सहजासहजी कमीजास्त करता येत नसे. गॅसचा उजेड तोटी फिरवून मंद करता येतो, पुन्हा वाढवता येतो. रंगमंचावर चांदणं पाडणं शक्य झालं. 1831 च्या नोव्हेंबरात ‘रॉबेर ल दियाब्ल’ या ऑपेरात मेलेल्या जोगिणी थडग्यांतून उठून पांढऱ्या वस्त्रांत नाचतात असा प्रवेश आला आणि पांढरं कापड व मंद गॅस ही जोडी जमली. त्या जोगिणींची नायिका होती मारी तालिओनी.

12 मार्च 1832 ला तिच्याच वडिलांनी, फिलिप्पो तालिओनी यांनी, तिच्यासाठी बसवलेला ‘ला सिल्फीद’ रंगमंचावर आला. स्कॉटलंडमधल्या एका शेतकरी तरुणाच्या लग्नाच्या दिवशी एक वायुकन्या त्याला दिसते. तो तिच्यामागे रानात जातो, तिला धरून ठेवायला म्हणून जादूची ओढणी तिच्या खांद्यांवर टाकतो, तिचे पंख गळून पडतात आणि ती मरते. गोष्टीचा घातच एका वस्त्राने होतो. तालिओनीच्या पोशाखाचं श्रेय परंपरेने यूजेन लामी या चित्रकाराला दिलं जातं. खांदे उघडे, अंगाला घट्ट बसणारी चोळी, लहान फुगीर बाह्या, पिंढरीच्या मध्यापर्यंत येणारा घंटेच्या आकाराचा पांढरा घागरा, पाठीवर दोन इवलेसे पंख, केसांत फुलांची माळ. मोती सोडल्यास दागिना नाही. पुढच्या शतकभरात बॅले नर्तकी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र येत राहिलं.

या घागऱ्यात नुसतं सौंदर्य नव्हतं, कारागिरीची पक्की समज होती. तो एका थराचा नसे. मलमल, तिच्याहून विरळ विणीची खळ दिलेली टार्लटन आणि वर जाळीचं कापड असे अनेक थर कमरेच्या पट्टीवर चुण्या घालून शिवलेले असत. जाळी आधी हाताने करत. जॉन हीथकोटने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचं यंत्र बनवलं आणि ती वाराने मिळू लागली. खळीमुळे थर एकमेकांना चिकटत नाहीत, मधे हवा राहते. नर्तकी उडी घेते तेव्हा घागरा अंमळ उशिरा वर जातो. ती खाली येते तेव्हा तो हवेने भरून फुलतो आणि सावकाश उतरतो. पाहणाऱ्याचा डोळा कापडाच्या मागे जातो. पाय जमिनीला लागलेले असतात, पण कापड अजून वर असतं, म्हणून बाई क्षणभर हवेत थांबली असं वाटतं. त्यात तळदिवे आणि बाजूच्या गॅसबत्त्यांचा उजेड पांढऱ्या थरांतून आरपार जातो, कडा धूसर होतात आणि देह कुठे संपतो नि कापड कुठे सुरू होतं हे कळेनासं होतं. पायांत त्वचेच्या रंगाचे घट्ट मोजे. रेशमाला हे साधलं नसतं. रेशीम चकाकतं, उजेड परत फेकतं. मलमल उजेड पिऊन घेते.

चपलांचीही तीच गोष्ट. आजच्या बॅले चपलेच्या टोकाला कडक पेटी असते. तालिओनीच्या चपला मऊ साटिनच्या, तळाला पातळ चामडं, आणि टोकाच्या कडेने सुईदोऱ्याने घट्ट रफू केलेलं. आधार एवढाच. बाकी सगळा भार घोट्यांनी आणि बोटांनी पेलायचा. तिच्या वडिलांनी व्हिएन्नात तिच्याकडून रोज सहा-सहा तास मेहनत करून घेतली होती, ती याचसाठी. प्रेक्षकाला जे पिसासारखं वाटे, ते दुखऱ्या पावलांवर उभं होतं.

पुढे 28 जून 1841 ला ‘जिझेल’ आला. कार्लोता ग्रिसी नायिका, पोशाख पॉल लोर्मिएचे. यात एक विभागणी पक्की झाली: पहिल्या अंकात द्राक्षमळ्यांचं गाव आणि गावकऱ्यांचे रंगीत कपडे, दुसऱ्या अंकात रात्रीचं रान आणि लग्नाआधी मेलेल्या मुलींचे पांढरे घोळके. रंग म्हणजे जिवंत जग, पांढरं म्हणजे त्यापलीकडचं. सगळ्यांनीच पांढरं घातलं असंही नाही. फॅनी एल्सलर 1836 मध्ये ‘ल दियाब्ल बुआतो’त स्पॅनिश ‘काचुचा’ नाचली ती गुलाबी साटिन आणि काळ्या लेसच्या झालरी लावून, हातात करताळासारख्या चिपळ्या वाजवत. समीक्षक तेओफील गोतिए याने तालिओनीला ख्रिस्ती नर्तकी म्हटलं आणि एल्सलरला मूर्तिपूजक. मला एल्सलरचा बाज जास्त ओळखीचा वाटतो. तिच्या पोशाखात कंबर आहे, ठसका आहे, जमिनीशी नातं आहे. लावणी पाहत वाढलेल्या माणसाला ते चटकन कळतं.

आणि याच काळात एक मराठी दरबारही नाचाला घडवत होता. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे 7 मार्च 1832 ला वारले, म्हणजे ‘ला सिल्फीद’च्या पहिल्या प्रयोगाआधी अवघे पाच दिवस. त्यांच्या आणि त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी सदिर नाचाचा जो क्रम बांधला, तो आज भरतनाट्यमच्या मैफिलीचा कणा आहे. खुद्द सरफोजींच्या नावावर ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ ही नाचासाठीची मराठी रचना आहे. कावेरीकाठी राजाने नाचासाठी मराठीत साहित्य रचावं आणि तमिळ नट्टुवनारांनी, म्हणजे नृत्यगुरूंनी, ते बसवावं, याचा आपल्याला जितका अभिमान असायला हवा तितका आपण बाळगत नाही.

त्या नाचाचा पोशाख तालिओनीच्या उलट दिशेने विचार करतो. जरीकाठी लुगडं, घट्ट चोळी, कमरपट्टा, वेणीवर आणि कपाळावर खड्यांचे दागिने, पायांत घुंगरू. यात वजन लपवायचं नसतं, ऐकवायचं असतं. गुडघे बाजूंना वळवून अर्धं बसायचं आणि तळपाय जमिनीवर आपटायचा, तर अंगावरचं कापड देहाला धरून राहिलं पाहिजे आणि पावलाचा प्रत्येक ठोका घुंगरातून निघाला पाहिजे. हवेत तरंगणारी मलमल इथे कामाचीच नाही. आपल्या नऊवारीच्या काष्ट्यालाही हाच न्याय लागू आहे. पाय मोकळे सुटतात, कापड मात्र जागचं हलत नाही, म्हणून लावणीतली बैठक आणि झपकन घेतलेली गिरकी दोन्ही जमतात. कापड बदला, नाच बदलेल.

पॅरिसला या दोन पद्धतींची समोरासमोर भेट 1838 मध्ये झाली. त्याआधी 1830 सालीच पॅरिसमध्ये ‘ल दिय ए ला बायादेर’ हा ऑपेरा-बॅले गाजला होता. देवदासीच्या भूमिकेत तालिओनीच होती, म्हणजे भारतीय देवदासी पांढऱ्या युरोपी झग्यात. मग पुद्दुचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमहून खऱ्या देवदासींचा छोटा ताफा वादकांसह फ्रान्सला नेण्यात आला. ऑगस्ट 1838 मध्ये त्यांनी पॅरिसच्या व्हारिएते नाट्यगृहात नाच केला आणि पुढे त्या लंडनला गेल्या. त्यांच्यातली अमनी गोतिएच्या मनात भरली. त्याने तिच्यावर भरभरून लिहिलं. ओग्युस्त बार या शिल्पकाराने तिची छोटी मूर्ती घडवली. याच बारने तालिओनी आणि एल्सलरच्याही मूर्ती केल्या होत्या. तिन्ही मूर्ती शेजारी ठेवून पाहिल्या तर त्या काळाचा पोशाखविचार एका नजरेत कळतो: तालिओनीच्या अंगावरचं कापड देहापासून दूर पळतं, अमनीचं देहाला गुंडाळून घेतं. अमनी आणि तिच्या सोबतिणींना पाहून पॅरिसच्या बॅलेने आपला पोशाख बदलला नाही. तिथल्या प्रेक्षकांना मनातली देवदासीच पुरेशी होती. मला याचं वाईट वाटतं. एवढ्या लांबचा समुद्रप्रवास करून आलेल्या बायकांकडून शिकण्यासारखं खूप होतं.

पांढऱ्या झग्याची सर्वांत दुःखाची बाजू आगीची आहे. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तो विरळ विणून, खळ घालून, थरांत हवा खेळती ठेवून उघड्या गॅसच्या ज्योतीजवळ नेला, तर काय होणार हे जिनिंगच्या आवारात रुईचा ढीग पेटलेला ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. घंटेसारखा घागरा धुराड्याचं काम करतो. खालून पेट घेतला की ज्वाळा वर ओढली जाते. डिसेंबर 1844 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टरचा घागरा दिव्यावर पेटला आणि दोन-तीन दिवसांत ती वारली.

उपाय माहीत नव्हता असं नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-लुसाक याने 1821 मध्येच नाट्यगृहातल्या कापडांसाठी अमोनियमचे क्षार आणि टाकणखार यांचं मिश्रण सुचवलं होतं, म्हणजे सॅल ल पलतिएत गॅस येण्याच्या आदल्या वर्षी. पुढे तुरटीसारख्या क्षारांत कापड बुडवण्याची कार्तरॉन नावाच्या गृहस्थाची पद्धत आली आणि 1859 मध्ये ऑपेरात तिची सक्तीही झाली. पण असं कापड कडक होई, मळकट दिसे, त्याचा फुलोरा जाई. ज्या गुणासाठी कापूस आणला तोच गुण ते मिश्रण मारून टाकी. नर्तकी ते घालायला तयार नसत.

एमा लिव्री ही त्यांच्यातलीच. निवृत्त झालेली मारी तालिओनी तिच्यावर लेकीसारखा जीव लावत होती. तालिओनीने आयुष्यात एकच बॅले बसवला, तो हिच्यासाठी: नोव्हेंबर 1860 मधला ‘ल पापियॉं’, म्हणजे फुलपाखरू. संगीत ऑफेनबाखचं. त्यात फुलपाखरू झालेली नायिका मशालीकडे झेपावते आणि तिचे पंख जळतात. दोन वर्षांनी, 15 नोव्हेंबर 1862 ला, ‘ला म्युएत द पॉर्तिची’च्या तालमीत प्रवेशाची वाट पाहत असताना लिव्रीने झगा सावरला आणि विंगेतल्या गॅसबत्तीने तो पेटला. आठ महिने ती भाजलेल्या जखमांशी झगडली आणि 26 जुलै 1863 ला गेली. वय वीस. तिने साधाच झगा हवा असा हट्ट धरला होता, हे तिच्या मृत्यूनंतर पुष्कळांनी सांगितलं. पण वीस वर्षांच्या मुलीच्या हट्टावर सगळं ढकलून देणं मला पटत नाही. प्रेक्षकांना पिसासारखी बाई हवी होती, व्यवस्थापनाला तिकिटं हवी होती आणि दिव्यांना जाळीचं आवरण घालणं नर्तकीच्या हातात नव्हतं. तिच्या जळक्या पोशाखाचे तुकडे पॅरिसच्या ऑपेरा संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

लिव्री पॅरिसमध्ये मरणाशी झगडत होती ती वर्षं आपल्याकडेही उलथापालथीची होती. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला. गिरण्या बंद पडल्या, मजुरांची उपासमार झाली आणि सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानकडे वळल्या. 1862 मध्ये नागपूरपासून तोडून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. त्याचं पहिलं ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला, म्हणजे आजच्या देवळी तालुक्याच्या परिसरात होतं. हिंगणघाटचा ‘बनी’ कापूस देशी कापसांत उत्तम मानला जाई. त्याचं बी खानदेशातही नेऊन लावण्यात आलं. या भागासाठी सरकारने कापूस कमिशनर नेमला, रिव्हेट-कार्नॅक. 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. त्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून महिनोन् महिने प्रवास करत गंगेकाठी मिर्झापूरला जायचा.

पण बनी झाला तरी देशी कापूसच. सी आयलंडच्या मानाने त्याचा धागा आखूड. हिंदुस्थानी कापसाला लँकेशायरचे मजूर सरसकट ‘सुरती’ म्हणत आणि तो सारखा तुटतो म्हणून वैतागत. त्यातून निघायचं ते जाडं कापड: चादरी, शर्टिंग, कामगारांचे कपडे. नर्तकीच्या झग्यापर्यंत पोचण्याची वाट आपल्या कापसाला निसर्गानेच बंद करून ठेवली होती. देवळी-हिंगणघाटच्या कापसाचं खरं भाग्य जवळच उघडलं. 1 जानेवारी 1877 ला नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मागोमाग हिंगणघाट आणि पुलगावला गिरण्या आल्या.

त्याच 1877 च्या सुरुवातीला सेंट पीटर्सबर्गमध्ये मारियुस पेतिपाचा ‘ला बायादेर’ रंगमंचावर आला. गोष्ट हिंदुस्थानातली, नायिका निकिया देवळातली नर्तकी. तिला सापाच्या दंशाने मारलं जातं आणि अफूच्या धुंदीत नायकाला तिच्यासारख्याच असंख्य छाया उतरणीवरून एकीमागून एक येताना दिसतात. पहिल्या अंकांत पोशाख ‘हिंदुस्थानी’ रंगाचे, छायांच्या प्रवेशात सगळं पांढरं. जिझेलचीच विभागणी. घागरा मात्र तोवर आखूड व्हायला लागला होता. इटलीहून आलेल्या नर्तकींना पायांची अवघड कामं दाखवायची होती, त्यासाठी गुडघेही मोकळे हवे होते. एडगर दगाच्या 1870 नंतरच्या चित्रांत हा बदल दिसतो: गुडघ्याशी थांबणारी टार्लटन, मागे बांधलेली रंगीत फीत, बाकावर बसून चपला बांधणाऱ्या थकलेल्या मुली. पुढे विजेचे दिवे आले आणि उघडी ज्योत रंगमंचावरून गेली.

आज ‘जिझेल’चा पारंपरिक प्रयोग कुठेही असो, दुसऱ्या अंकातला घागरा साधारण 1841 च्याच लांबीचा असतो. कापड मात्र बहुतेक वेळा नायलॉनची जाळी. ती खळीशिवाय उभी राहते आणि धुतली तरी मऊ पडत नाही. कापूस त्या पोशाखातून दिसेनासा झाला, पण गेला नाही. चोळीच्या आतलं घट्ट अस्तर अजून सुती असतं, कारण घाम टिपायला आणि ताण सोसायला त्याच्यासारखं दुसरं कापड नाही. चपलेच्या साटिनखालीही बहुधा सुती अस्तर असतं. आणि पुष्कळ नर्तकी नवी चपल आणली की अजूनही, तालिओनीच्या काळासारखंच, जाड सुती दोऱ्याने तिचं टोक स्वतःच्या हाताने रफू करून घेतात, म्हणजे फरशीवर पाय घसरत नाही.